हेल्मुट लाखनमान बंडखोर नाहीत

पाश्चात्त्य अभिजात संगीताविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा बाख ते ब्राम्स एवढ्याच टापूत फिरते. त्यापुढच्या जर्मन संगीताला आपण गोंगाट म्हणून निकालात काढतो. जर्मन रचनाकार हेल्मुट लाखनमान यांच्या वाट्याला हा शेरा सर्वाधिक आला, आणि त्यांचे चाहतेही त्याच गोंगाटाला बंडखोरी म्हणून डोक्यावर घेतात. माझे मत असे की परंपरेवर इतका जीव असलेला रचनाकार त्यांच्या पिढीत क्वचितच सापडेल.

लाखनमान यांचा जन्म १९३५ साली श्टुटगार्टमध्ये, एका प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाच्या घरी झाला. तेथेच पियानो आणि रचनेचे रीतसर शिक्षण घेतल्यावर १९५७ साली डार्मश्टाटच्या, नव्या संगीतासाठी भरणाऱ्या उन्हाळी वर्गात त्यांची गाठ इटालियन रचनाकार लुइजी नोनो यांच्याशी पडली आणि पुढच्या वर्षी ते नोनोंकडे शिकण्यासाठी व्हेनिसला गेले. कोणताही स्वर कोरा नसतो, त्याला समाजाच्या सवयी आणि स्मृती चिकटलेल्या असतात, ही जाणीव तेथे पक्की झाली.

साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जो मार्ग धरला त्याचे मूळ पॅरिसच्या ध्वनिमुद्रण-प्रयोगांत आहे. फ्रेंच रचनाकार पिएर शेफर यांनी आगगाडीसारखे रोजचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांच्यापासून संगीत घडवले होते. लाखनमान यांनी तीच दृष्टी व्हायोलिन, चेलो, पियानो या जुन्या वाद्यांवर रोखली. नाद कोणता आहे याइतकेच तो कशातून, किती दाबाने, कशावर काय घासून निघाला हेही श्रोत्याला ऐकू यावे, असा त्यांचा आग्रह. पेटीच्या भात्याचा आवाज कानावर पडूनही आपण न पडल्यासारखे करतो. लाखनमान नेमके तेथे लक्ष द्यायला लावतात.

१९६९ सालच्या ‘प्रेसिऑं’ या एकट्या चेलोसाठीच्या रचनेची स्वरलिपी पाहिली तर हात कोठे ठेवायचा, गज कोठे आणि कसा दाबायचा, याच सूचना प्रामुख्याने दिसतात. घर्षण आणि कुरकुर ऐकत बराच वेळ गेल्यावर मध्येच एक साधा, भरीव स्वर लागतो आणि चेलो असा वाजतो हे जणू पहिल्यांदाच कळते. हे वाद्य मोडणाऱ्या माणसाचे काम वाटत नाही.

माझ्या मते त्यांची भूमिका सर्वांत स्पष्टपणे ‘अकान्तो’ (१९७५-७६) या क्लॅरिनेट आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेत दिसते. वादन चालू असताना मोत्सार्टच्या क्लॅरिनेट कंचेर्टोची (एकल क्लॅरिनेट आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेची) ध्वनिफीत सोबत मुकाट फिरत असते आणि मोजक्याच क्षणी, अगदी थोडा वेळ, तिचा आवाज वर आणला जातो. मोत्सार्टची थट्टा येथे कोठेही नाही. मोत्सार्टचे संगीत हॉटेलांत आणि दुकानांत पार्श्वभूमीला लावून आपण त्याचे काय करून टाकले, हा प्रश्न ज्याला छळतो तोच असे लिहू शकतो. आपल्या श्रोत्यांनी त्यांच्या कामात शिरायचे असेल तर याच दाराने शिरावे.

‘काडेपेटी विकणारी मुलगी’ या अँडरसनच्या गोष्टीवरचा त्यांचा ऑपेरा १९९७ साली हॅम्बुर्गमध्ये सादर झाला. गायक फुंकर मारतात, हात चोळतात, श्वास ओढतात, आणि रूढ अर्थाचे नाट्य जवळजवळ नसतानाही थंडी सभागृहात उतरते. या गोष्टीत लाखनमान यांनी गुड्रुन एन्स्लिन हिच्या पत्रातला मजकूर गुंफला आहे. १९६८ साली फ्रँकफुर्टच्या दुकानांना आग लावणाऱ्यांपैकी एक असलेली, पुढे १९७७ साली तुरुंगात मृत्युमुखी पडलेली ही दहशतवादी त्यांच्या बालपणीच्या परिचयातली होती. कडाक्याच्या थंडीत काडी ओढणारी मुलगी आणि आग लावणारी तरुणी यांना शेजारी बसवणे अनेकांना खटकले. मला ते या कामातले सर्वांत धाडसी पाऊल वाटते, कारण त्यात एन्स्लिनचे समर्थन नाही आणि तिला माणसांतून वगळणेही नाही.

२०१८ च्या नववर्षदिनी श्टुटगार्टमध्ये त्यांची ‘मार्श फाताल’ ही वाद्यवृंदासाठीची रचना सादर झाली, तेव्हा त्यातल्या चक्क ठेकेबाज मिरवणुकी चालीने अनेक जण गोंधळले. मला त्यात काही आश्चर्य वाटले नाही. ज्या सवयीचा त्यांनी आयुष्यभर पाठलाग केला, तिच्यातला उथळ आनंदही त्यांना ठाऊक होताच. या वेळी त्यांनी तो मोठ्याने, हसत, वाजवून दाखवला.