स्लॉटमध्ये आणणं म्हणजे उतरती कळा?

अमेरिकन फुटबॉलमधल्या कार्डिनल्स टीमचा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) लॅरी फिट्झगेराल्ड याचा वेग गेला म्हणून त्याला स्लॉटमध्ये (म्हणजे कडेऐवजी आतल्या बाजूच्या जागेवर) ढकललं, तिथूनच उतरती कळा लागली, हे त्याच्यावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. वेग हा त्याचा हुकमी एक्का कधी नव्हताच हो, त्याचे हात आणि उंच उडालेल्या बॉलचा अंदाज हा होता! २०१२ च्या सीझनला त्याने पास झेलून मिळवलेले यार्ड ७९८ वर आले ते बघून लोक म्हणायला लागले संपला, पण क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) कर्ट वॉर्नर रिटायर झाल्यावर कार्डिनल्सकडे धड क्वार्टरबॅक होता का कोणी, बॉल नीट आलाच नाही तर रिसीव्हर काय करणार. २०१३ ला ब्रूस एरियन्स कोच आला, त्याने याला आतल्या बाजूला आणलं, तिथे लाइनबॅकर्सना (समोरच्या टीमच्या धिप्पाड बचावपटूंना) ब्लॉक करायचं, मधल्या गर्दीत घुसून बॉल पकडायचा आणि लगेच मार खायचा, इतका मोठा स्टार असून याने ते मन लावून केलं. मग २०१५, १६, १७ सलग तीन सीझन शंभरच्या वर कॅच, तेही तिशी उलटल्यावर!

आणि जानेवारी २०१६ ची पॅकर्स टीमविरुद्धची प्लेऑफ (बाद फेरीची) मॅच लेखात नाहीच, याचं खरंच वाईट वाटलं. ओव्हरटाइमच्या पहिल्याच प्लेवर बॉल पकडून पळत ७५ यार्ड मिळवले आणि मग टचडाउनही (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण) त्यानेच केला, आम्ही घरात सगळे उभे राहून ओरडत होतो. त्याला संपलेला म्हणणाऱ्यांनी ती एक मॅच तरी बघा.