कानपूरचा दवाखाना एका ओळीत?
कॅप्टन लक्ष्मी सहगल यांच्या स्मृतिदिनानिमित्त वाचलेल्या एका लेखात त्यांची १९४३ सालची, आझाद हिंद सेनेतील स्त्रियांची झाशीची राणी रेजिमेंट आणि त्यांनी लढवलेली २००२ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक सविस्तर आली आहे. त्यांचा कानपूरचा दवाखाना मात्र एका ओळीत आटोपला, हे खटकले. मद्रासला डॉक्टर झालेल्या आणि सिंगापुरात लष्करी गणवेश चढवलेल्या या बाईंनी नव्वदी उलटल्यावरही गरीब रुग्णांना तपासणे सोडले नाही, आणि २०१२ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी निधन झाल्यावर त्यांचा देहही वैद्यकीय महाविद्यालयाकडेच गेला. मलायातील रबरमळ्यांवरच्या तमिळ मुली तांब्यांच्या मनूच्या, म्हणजे झाशीच्या राणीच्या, नावाने उभ्या राहिलेल्या पलटणीत दाखल झाल्या, याचे आपल्याला अप्रूप असायला हवे. नागपुरातील माझ्यासारखा डॉक्टर मात्र निवृत्त होताच फुटाळा तलावावर फिरण्यापुरता उरतो!