खुशी आमची, मग आकडा तुम्ही कसा सांगता?

डोकं तापलंय म्हणून लिहायला बसलो. मागच्या आठवड्यात बहीण बाळंत झाली, आमच्याच भागातल्या एका सरकारी दवाखान्यात. रात्रीचे अडीच वाजलेले. आई, दाजी अन् मी लेबर रूमच्या बाहेर फरशीवर बसलेलो. दार उघडलं अन् आयाबाई लेकरू घेऊन बाहेर आली. हिरव्या कापडात गुंडाळलेलं, एवढंसं नाक, मुठी आवळलेल्या. आईनं हात पुढे केले, तर बाई लेकरू देईना. "आधी खुशी काढा. पोरगी हाय म्हणून पाचशेच. पोरगं असतं तर हजाराच्या खाली ऐकलं नसतं."

आईचे हात तसेच पुढे. दाजी रोजानं ट्रॅक्टरवर जातात, त्यांच्या खिशात दोनशेच्या दोन नोटा. शेवटी मी पाचशे काढले. दिले, याचाच जास्त राग येतोय आता.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 1 जून 2011 पासून सुरू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, दाखल असेपर्यंतचं जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं फुकट. तसा बोर्डही भिंतीवर होता. त्याच बोर्डाखाली उभं राहून मी नोटा मोजल्या. अन् जन्मलेल्या लेकराचा रेट? पोराचा एक, पोरीचा एक? पोरगी जगात येऊन दहा मिनिटं झाली नाहीत, तोवर तिची किंमत अर्धी करून टाकली. कंत्राटी पगार महिनोन्महिने थकतो, हे मलाही कळतं. मग त्या ठेकेदाराची कॉलर धरा ना! आजीच्या हातात जायचं लेकरू कशाला अडवता?

खुशी म्हणजे देणाऱ्याची खुशी. दारात आडवं उभं राहून घेतली की ती वसुली झाली.

गॅसच्या टाकीचंही तेच. घरपोच टाकीच्या किमतीत पोचवायचा खर्च धरलेला असतो, पावतीवर असेल तेवढेच द्यायचे, असा नियम आहे. पण आमच्या नांदेडच्या घरी टाकी आली की पावतीच्या वर 40 रुपये ठरलेले. सुट्टे परत मागितले की "नाहीत", अन् पावती मागितली तर तोंड वाकडं. भरलेली टाकी 30 किलोच्या आसपास जाते, ती खांद्यावर घेऊन दोन जिने चढणं सोपं नाही, हे मी रोज डोळ्यानं पाहतो. म्हणूनच स्वतःहून द्यावंसं वाटतं, पण देऊ तर द्या! वरच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. टाकी स्वयंपाकघरात नेऊन जोडून द्यायचे त्यांच्याकडून 70 घेतात. त्यांना रेग्युलेटर बसवता येत नाही, म्हणून 30 जास्तीचे. मी भांडलो तर आजीच मला म्हणाल्या, "राहू दे बाबा, पुढच्या वेळी खालीच ठेवून जाईल."

अन् हायवेवरची ती फॅमिली हॉटेलं! जालन्याकडून येताना जेवलो, बिलात खाली 10 टक्के सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला सांगितलंय की हा चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानंही ते उचलून धरलं. मॅनेजर म्हणतो, हा हॉटेलचा नियम आहे. मी 1915 ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन लावतो म्हणालो, तेव्हा कुठं बिल बदललं. वाढणाऱ्या पोराला विचारलं, "हे पैसे तुला मिळतात का रे?" त्यानं गल्ल्याकडं बघून नुसती मान हलवली. नाही. बडीशेपच्या वाटीत ठेवलेले 50 तरी त्याच्या हातात जातात की नाही, देव जाणे. तेव्हापासून मी वाटीत ठेवतच नाही, पोराच्या हातात देतो.

यात मरण कुणाचं होतं सांगू? न मागणाऱ्याचं. त्याच दवाखान्यात एका वॉर्डबॉय मामानं बहिणीला स्ट्रेचरवरून वॉर्डात नेलं. लिफ्ट बंद होती, तर रॅम्पवरून नेलं. प्रत्येक वळणाला थांबून "ताई, टाके वढत तर न्हाईत ना?" असं विचारत होता. कॉटवर ठेवल्यावर उशी सरळ केली अन् निघूनही गेला. त्याला द्यायला खिशात हात घातला तर काहीच नव्हतं, पाचशे दारातच गेले होते. सकाळी शोधलं तर त्याची पाळी संपलेली.

उद्या बहिणीला सोडणार आहेत. गाडीवाला "डिझेलचं बघा" म्हणणार, हे शेजारच्या खाटेवरच्यांनी आधीच सांगितलंय. त्या बोर्डाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवलाय. अन् त्या मामासाठी शंभराची नोट वेगळ्या खिशात ठेवलीय.