सेवेला जाताना कोट इस्त्रीचा हवा

अधिवेशनाचं आमंत्रण आलं की आधी कोट धोब्याकडे टाका. इंदूरच्या बायपासवरच्या रिसॉर्टात ऑक्टोबरची उष्णता असली तरी सेवा कोटातच करायची असते. कोटाची डावी बाजू पिनांसाठी मोकळी ठेवा. पिना किती असाव्यात याला नियम नाही, पण तुम्ही मागून येताय हे पुढच्याला आवाजावरून कळलं पाहिजे.

मी गेली अकरा वर्षं अशा एका आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेच्या अधिवेशनांना जातोय. कोणती ते सांगणार नाही, पुढच्या वर्षी सहप्रांतपालपदाची थोडी आशा आहे. या गोत्रातल्या संस्था बऱ्याच आहेत. सगळ्यात जुनी रोटरी. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील तीन मित्रांना घेऊन बसला: एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीचा इंजिनिअर आणि एक शिंपी. बैठक आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत भरायची, म्हणून नाव रोटरी. आता फिरतात त्या फक्त मंचावरच्या खुर्च्या, आणि त्याही त्याच सात जणांत. (त्या शिंप्याला आज आमच्याकडे सभासद व्हायचं असतं तर त्याला आधी कोणाचे कोट शिवतोस हे विचारलं गेलं असतं.) लायन्स १९१७चे. त्यांच्यात टेल ट्विस्टर, म्हणजे शेपूट पिळणारा, असं एक रीतसर पद असतं. तो सभेत सभासदांना गमतीचे दंड करतो. हे पद आमच्यात नाही याची मला हळहळ वाटते. आमच्यात शेपट्या पुष्कळ आहेत.

नोंदणीच्या टेबलावर पिशवी मिळेल. आत एक पेन, एक वही आणि एका बिल्डरची चौरंगी पत्रिका असेल. पेन चालत नाही. पुढे चला.

बिल्ल्यावरचं नाव मात्र नीट तपासून घ्या, विशेषतः वहिनी सोबत असतील तर. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून ह्यूस्टनच्या अधिवेशनाला निघालेल्या रेल्वेगाडीत एका रोटेरियनची बायको होती, तिचं नाव ॲन. तेव्हापासून रोटेरियनांच्या बायकांना ॲन म्हणायची पद्धत पडली, आणि मुलं झाली ॲनेट्स. बायकांना स्वतः सभासद होता आलं ते १९८९ साली. आमच्या टिळकनगरच्या एक वहिनी, माहेरच्या रामबागेतल्या, मंगळागौरीला सव्वाशे बायकांचा स्वयंपाक एकहाती उभा करणाऱ्या. अशाच एका अधिवेशनात त्यांच्या गळ्यात ‘ॲन’ लिहिलेलं कार्ड पडलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “ही कोण? माझ्या खुर्चीवर बसणार आहे का?” असं काही विचारू नका. कार्ड उलटं करून घाला, जेवणाचं कुपन मागच्याच बाजूला असतं.

आता मुख्य भाग, उद्घाटन. यात तुम्हाला काही करायचं नाही, फक्त बसायचं आहे. पण बसण्यातही कसब आहे. दीपप्रज्वलनाला पाच जण जातात, काडी एकच पेटते, पंखा कोणी बंद केलेला नसतो. मग ज्यांनी मान्यवरांचा परिचय करून द्यायचा आहे, त्यांचा परिचय. मग मान्यवरांचा परिचय, ज्यात त्यांचं बारावीचं महाविद्यालयही येतं. मग प्रत्येक वक्ता सुरुवातीला मंचावरच्या सगळ्यांची नावं घेतो: प्रांतपाल, माजी प्रांतपाल, नियोजित प्रांतपाल, त्या नियोजितानंतरचे नियोजित. एखादा माजी प्रांतपाल सुटला की पुढची दोन वर्षं अबोला. आमच्याकडे एका वक्त्यानं ही भीती इतकी मनावर घेतली की साडेनऊ मिनिटं नावं घेतली आणि घंटी वाजली. तो समाधानानं खाली बसला. विषय होता ‘वेळेचं नियोजन’. त्या दिवशीचं ते सर्वोत्तम भाषण होतं असं माझं मत आहे, कारण त्यानंतर चहा होता.

स्वागताला पुष्पगुच्छ देत नाहीत, रोप देतात. पर्यावरण. रोप स्वीकारा, फोटो होऊ द्या आणि खुर्चीखाली ठेवा. संध्याकाळी रिसॉर्टचा माळी सगळी रोपं गोळा करतो. त्याच्या घरामागे आतापर्यंत छान बाग झाली असणार.

प्रकल्पांच्या सत्रात तुमच्या क्लबनं वर्षभर काय केलं ते सांगावं लागेल. इथे अनुभवाचा सल्ला देतो: पाट्यांचे प्रकल्प निवडा. बागेतला बाक, पाणपोई, चौकातलं घड्याळ. बाक म्हणजे दोन फूट पाठ आणि त्यावर अठरा नावं. बसणाऱ्याच्या पाठीला देणगीदार टोचला पाहिजे. चुकूनही शौचालयाच्या नादी लागू नका. रोटरीचा पहिला सार्वजनिक प्रकल्प नेमका तोच होता, शिकागोत १९०७ साली, लोकांसाठी शौचालयं उभारण्याचा. त्यांना बिचाऱ्यांना पाटीचं गणित माहीत नव्हतं. आमच्या सभेत मी एकदा हा इतिहास सांगून भाजीबाजारात बायकांसाठी एक शौचालय सुचवलं. सगळ्यांना पटलं. मग प्रश्न आला, नाव कुठे लिहायचं? दारावर लिहिलं तर ते उघडल्यावर भिंतीकडे जातं. आत लिहिलं तर वाचणाऱ्याचं लक्ष नसतं. शिवाय कोणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ? ठराव पुढच्या बैठकीवर गेला, तो अजून पुढच्याच बैठकीवर आहे. दरम्यान आम्ही त्याच बाजारात एक घड्याळ लावलं. ते पावणेपाचला थांबलंय, पण नावं स्वच्छ वाचता येतात.

जेवणाला जेवण म्हणू नका, फेलोशिप म्हणा. भुट्ट्याचा कीस संपायच्या आत रांगेत लागा. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणारं शहर आहे, तेव्हा ताट ठेवताना ओला आणि सुका कचरा वेगळा करावा लागेल. अर्धी पाण्याची बाटली कशात टाकायची यावर आमच्यात चर्चा झाली. शेवटी ती एका माजी अध्यक्षांच्या हातात देऊन आम्ही निघालो.

जेवणानंतरचं पहिलं सत्र चुकवा. त्या वेळेला आयोजक अशा माणसाला उभं करतात ज्याला खरंच काही सांगायचं असतं. गेल्या वेळी एक निवृत्त परिचारिका होत्या, गणवेशाच्या सवयीनं पांढरी साडी नेसलेल्या. सभागृहात आम्ही सात जण, त्यातले चार झोपलेले. त्यांनी पोलिओच्या लशीची बाटली दाखवली. लेबलावर एक वर्तुळ असतं आणि आत एक चौकोन. उष्णता लागली की चौकोन काळवंडत जातो. तो वर्तुळाइतका गडद झाला की बाटली फेकायची, मग समोर कितीही मुलं रांगेत असोत. डोस दिल्यावर मुलाच्या डाव्या करंगळीला शाईची खूण, ती काही दिवसांत पुसली जाते. रोटरीनं पोलिओचं काम १९८५ साली हाती घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला आपला आग्नेय आशियाचा विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. बाईंनी किती करंगळ्या रंगवल्या ते कोणी मोजलेलं नाही. मोजलं असतं तरी पाटी लावायची कुठे? करंगळी केवढीशी.

मी जागा होतो तो केवळ एसीचा झोत मानेवर येत होता म्हणून. तुम्ही दुसरी खुर्ची निवडा.

रात्रीचं सत्र सराफ्यात. सोन्याच्या पेढ्यांची शटरं पडली की त्यांच्याच ओट्यांसमोर कढया लागतात. सराफ्यात कोट काढा, पिना खिशात टाका. गर्दीत कुणीतरी ‘ओ भिया, जरा सरको’ म्हणून ढकलतं, आणि ढकलणाऱ्याला तुमचं पद वाचता येत नाही. दिवसभरात सभासद एकमेकांशी खरं बोलतात ते इथेच, गराडू चावताना. पुढचा कोषाध्यक्ष कोण हेही इथेच ठरतं. सकाळी त्यासाठी मतदान घेतात.

दुसरा दिवस रविवार. यंदा तो नेमका पोलिओ रविवार आहे, आणि बाईंनी समारोपाआधी दोन तास बूथवर येण्यासाठी चार माणसं मागितली आहेत. तुमच्याकडे डोळे वळतील. तुम्ही पिशवीतली वही उघडून गंभीरपणे लिहायला लागा, पेन चालत नाही हे लांबून दिसत नाही. कारण नाश्ता पोहे-जिलेबीचा आहे. इंदुरी पोहे वाफेवर असतात, ते दुपारपर्यंत गरम राहतील, त्यांची काळजी नाही. लस बर्फात असते, तिच्यासाठी आठला निघावं लागतं. जिलेबीचा पहिला घाणा सव्वाआठचा आहे.