‘नस चढली, तेल चोळा’ म्हणे!

खानापूरहून ताईने परवा एक फॉरवर्ड पाठवला. खाली तिचा प्रश्न : ‘पोराला हेच करू काय?’ भाचा एकोणीस वर्षांचा, टेनिस बॉलवर जीव तोडून फास्ट टाकणारा. मेसेज असा, की बॉल किंवा भाला फेकणाऱ्याचा हात सुजून निळसर झाला तर नस चढलेली असते. कोमट तेलाने खांद्याकडे रगडा, तीन दिवसांत उतरते. तरण्या पोरांना गुठळी होत नाही. आणि मनगटाला नाडी लागते म्हणजे रक्त सुरळीत.

मी व्हिडिओ कॉल लावला. उजवी बाही दंडात रुतलेली, खांद्यावर निळ्या शिरांचं जाळं. डावा हात अगदी नेहमीसारखा.

रगडा म्हणणाऱ्याला हात जोडावेत की कान धरावा? गळ्याचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या चिमटीतून हाताची मोठी शीर जाते. हात डोक्यावरून सारखा फिरवला की ती चेपते, आतून खरचटते, रक्त गोठतं. असा हात रगडला आणि गुठळीचा तुकडा सुटला, तर तो हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकू शकतो. जिवावरचा खेळ आहे हा.

तरण्यांना होत नाही? या आजाराला पॅजेट-श्रोएटर म्हणतात. पॅजेटने 1875 मध्ये आणि श्रोएटरने 1884 मध्ये तो मांडला. होतो तो बहुतेक धडधाकट तरुणांनाच, तोही वापरातल्या हाताला.

नाडी धमनीची असते. तुंबलेली असते शीर. नाडी लागणारच!

धमनीही चेपते, तेव्हा बोटं गार आणि पांढरी पडतात. अमेरिकेत बेसबॉलचा जे. आर. रिचर्ड 1980 मध्ये सांगत होता, हात मेल्यासारखा होतो. लोकांनी त्याला आळशी ठरवलं. 30 जुलैला सराव करताना तो अर्धांगाच्या झटक्याने कोसळला. वय तीस.

बॉलिंगनंतर दुखणारे बहुतेक हात स्नायूंचेच असतात, विश्रांतीने उतरतात, एवढं मान्य. पण ते असे सुजून निळे पडत नाहीत.

त्याच संध्याकाळी त्याला बेळगावला आणलं. तोवर गल्लीतले मालिशवाले काका एकदा हात फिरवून गेलेच होते. डॉपलर सोनोग्राफीत गुठळी निघाली. रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत, बरगडी काढायची का ते ठरायचं आहे.

तोच मेसेज काल आमच्या भावकीच्या ग्रुपवर परत आला. खाली सात जणांचे नमस्कार.