लेन रिकामी दिसते म्हणून काढायची?

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कॅनडातल्या टोरोंटो शहरातल्या सायकल लेन काढण्याला तिथल्या लोकांनी केलेल्या विरोधावर मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. बर्फाच्या गावात रिकाम्या लेनपायी मोटारी खोळंबतात. निवडून आलेल्या सरकारच्या निर्णयात कोर्टानं पडू नये. आणि इंदूरच्या माणसाला याच्याशी काय देणंघेणं?

पहिल्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करते. टोरोंटोतल्या ब्लूर रस्त्याच्या पश्चिम भागात लेन झाल्यावर गाड्यांना काही मिनिटं जास्त लागू लागली, हे तिथल्या महापालिकेच्याच मोजणीत आलं. माझ्या लेखात ते यायला हवं होतं. पण टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओच्या, डग फोर्ड यांच्या सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा केला तो ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी अव्हेन्यू या तिन्ही रस्त्यांवरच्या लेन काढण्याचा. त्यानं कोंडी सुटेल याला आधार काय? सरकारला मिळालेला सल्लाच सांगत होता की कोंडी कमी होईलच असं नाही, अपघात मात्र वाढू शकतात. महापालिकेच्या अंदाजानं नुसतं काढायलाच ४.८ कोटी डॉलर लागणार होते. शिवाय त्याच कायद्यात एक कलम घातलं: लेन काढल्यामुळे कुणी सायकलवाला जखमी झाला किंवा गेला, तर सरकारवर भरपाईचा दावा लावता येणार नाही. धोका नाही अशी खात्री असती, तर हे कलम लागलं असतं का, काका? मला सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला.

कोर्टाचं म्हणाल, तर ऑन्टारिओच्या कोर्टाचे न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी ३० जुलै २०२५ च्या निकालात सायकल लेन हा कुणाचा हक्क आहे असं म्हटलेलंच नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की ज्या कारणासाठी लेन काढता ते साधेल याचा पुरावा नाही आणि माणसांच्या जिवाला धोका मात्र वाढतो. असा निर्णय मनमानी ठरतो आणि राज्यघटनेनं दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग करतो. सरकार त्यावर अपिलात गेलं. आणि त्या लेन मंजूर करणारी महापालिकाही लोकांनीच निवडून दिलेली होती ना? आपल्याकडे बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखून ठेवलेला रस्त्याचा पट्टा, काढायची घोषणा मुख्यमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये केली, फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टानं तिला वाट मोकळी करून दिली. तेव्हा कोर्ट मध्ये का पडलं, असं तुम्हीही विचारलं नाहीत, मीही नाही.

आता इंदूर. ‘इथे सायकल चालवतं कोण?’ हे तुमचं वाक्य मला लागलं. आमच्या बिल्डिंगचे चौकीदार रोज संध्याकाळी नंदानगरहून गीता भवनपर्यंत सायकलनं येतात. कॅरियरला कापडी पिशवीत डबा, मागच्या मडगार्डवर चिकटवलेली लाल चमकती पट्टी. ती त्यांच्या मुलीनं लावून दिली आहे. एलआयजी चौराह्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला ओळीनं मोटारी उभ्या असतात, तिथे ते उतरतात आणि सायकल हातात धरून चालतात. मी विचारलं, तर म्हणाले, ‘गाडीच्या बाहेरून गेलं की मागून बस येते, ताई.’ रोज जातायेता ते असे उतरतात. मोटारीच्या काचेतून पाहणाऱ्याला ते सायकलवाले दिसतच नाहीत, पायी चाललेला माणूस दिसतो. मग कडेची जागा रिकामी आहे, सायकली नाहीतच, असं आपण ठरवतो.

मोटारीच्या बाहेरून जाण्याचा अर्थ काय, ते टोरोंटोत जुलै २०२४ मध्ये दिसलं. ब्लूरवरच एका ठिकाणी बांधकामाचा राडारोडा टाकायचा मोठा लोखंडी डबा सायकल लेनमध्ये ठेवला होता. २४ वर्षांची मुलगी त्याला वळसा घालायला मुख्य रस्त्यावर आली आणि ट्रकखाली गेली. लेन तिथे होती, फक्त तेवढ्या काही फुटांत नव्हती. काही महिन्यांनी त्याच रस्त्यावरची लेन उखडायचा कायदा आला. लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले ते का, हे तेवढ्यावरून मला कळलं.

बर्फाऐवजी आपल्याकडे मे महिन्याचं ऊन आहे, हे खरं. पण चौकीदारांना मे महिन्यातही यावंच लागतं.

तुम्ही आयुष्यभर रस्त्यांची कामं पाहिली आहेत, म्हणून एक विनंती. बीआरटीएसच्या साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात नवी आखणी करताना सायकलसाठी वेगळी, कठडा असलेली जागा ठेवावी, असं पत्र मी महापालिकेला लिहिते आहे. रुंदी किती मागावी आणि चौराह्यांवर वळणाऱ्या गाड्यांचं काय करावं, ते मला नीट जमलेलं नाही. मसुदा रविवारी पाठवते. त्यातल्या चुका काढा, आणि पटलं तर खाली सही करा.