सातबारा नसलेली जमीन आणि खेचराच्या कानांचं हरीण

टॅग लागला. जूनमधली दुपार, ऑफिसची मीटिंग चालू, मी टेबलाखाली फोन बघितला आणि आपण म्यूटवर आहोत की नाही हे न बघताच "लागला रे" म्हणून ओरडलो. आठ जणांनी ऐकलं, कळलं फक्त एकाला कारण तोही मराठी, आणि त्याला वाटलं कोणाची तरी एच-वनची लॉटरी लागली. त्याचंही काही चुकलं नाही म्हणा, आपल्या लोकांना अमेरिकेत लॉटरी म्हटलं की तेवढी एकच माहिती.

ही लॉटरी म्हणजे वायोमिंग राज्यात म्यूल डिअर नावाच्या हरणाच्या शिकारीचा परवाना, त्यालाच टॅग म्हणतात आणि तो सोडतीत लागतो. मी राहतो विस्कॉन्सिनला, इथे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस गन सीझन असतो, त्यात गेली सहा वर्षं ऑफिसातल्या एका मित्राच्या काकांच्या शेतावर मचाणावर गारठत व्हाइटटेलची, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, वाट बघत बसतोय. दोनदा मिळालं, चारदा नुसतं सर्दी-पडसं. आता पहिल्यांदाच राज्याबाहेर, पब्लिक लँडवर म्हणजे सरकारी मोकळ्या जमिनीवर, गाइड न घेता. मी, हा मित्र, आणि आमचा एक नागपूरकर जो मटण चापून खातो पण बंदुकीला हात लावणार नाही म्हणतो, त्याच्याकडे ड्रायव्हिंग आणि सावजी. चौदा-पंधरा तासांचा रस्ता आहे, अख्खं साउथ डकोटा आडवं पार करायचंय, तो पाहिजेच.

ज्यासाठी लिहायला घेतलं ते आधी सांगून टाकतो. पहिल्या वेळेला मोठ्या शिंगांच्या मागे लागू नका आणि पॉइंट साठवत म्हातारे होऊ नका. पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांत ड्रॉ, म्हणजे ही सोडत, लागला नाही तर तुम्हाला पॉइंट मिळतो किंवा विकत घेता येतो, पुढच्या वर्षी त्या जोरावर नंबर वर सरकतो. ऐकायला पीपीएफसारखं वाटतं, पण पीपीएफमध्ये व्याज तरी मिळतं, इथे दरवर्षी तुमच्यासारखेच हजारो लोक एकेक पॉइंट वाढवत असतात आणि नावाजलेल्या भागांतले टॅग मोजकेच, त्यामुळे ज्या भागाला आज दहा पॉइंट लागतात तिथे तुम्ही दहा जमवून पोचेपर्यंत बारा-तेरा लागायला लागलेले असतात. मी चार वर्षं दर वर्षी ४१ डॉलर भरून वायोमिंगचे डिअर पॉइंट घेत बसलो कारण कोणीतरी सांगितलं होतं की पश्चिमेकडच्या प्रसिद्ध रीजनशिवाय (रीजन म्हणजे परवाना ज्या भागापुरता असतो तो भाग) जाण्यात अर्थ नाही. कोणीतरी म्हणजे यूट्यूबवरचा एक माणूस, ज्याला मी ओळखतही नाही.

यंदा मित्राबरोबर एकत्र अर्ज केला. वायोमिंगमध्ये पार्टी ॲप्लिकेशनला सगळ्यांच्या पॉइंटची सरासरी धरतात, माझे चार, त्याचा भोपळा, म्हणजे दोन. पूर्वेकडचं एक साधं रीजन टाकलं, लागलं. रीजनचं अक्षर सांगणार नाही, रागावू नका, इथे लोक पगार सांगतात पण युनिट सांगत नाहीत.

आणि खरं बोलायचं तर त्या नावाजलेल्या रीजनमध्ये जाऊन मी केलं काय असतं? ज्याला डोंगरउतारावर हरीण शोधता येत नाही त्याला चांगला डोंगर देऊन उपयोग काय. व्हाइटटेल आणि म्यूल डिअर चुलतभाऊ आहेत पण स्वभाव वेगळा. व्हाइटटेल दाट झाडीत राहतं, तुम्ही मचाणावर बसा, ते येईल. म्यूल डिअर उघड्या माळावर, सेजच्या झुडपांत, घळींमध्ये. कान खेचरासारखे लांब म्हणून नाव म्यूल डिअर, अमेरिकेची पश्चिम धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेनं ठेवलेलं, त्यांना ते १८०४ मध्ये पहिल्यांदा दिसलं. घाबरलं की चारही पाय एकदम उचलून स्प्रिंगसारखं टुणटुण उड्या मारत जातं, आणि बऱ्याचदा टेकडीआड होण्याआधी थांबून एकदा मागे वळून बघतं. तिथे बसून राहायचं नसतं, पहाटे उंचावर जाऊन दुर्बीण ट्रायपॉडवर लावून समोरचा उतार तुकड्या-तुकड्यानं विंचरायचा असतो, अक्षरशः उवा शोधल्यासारखा. ऊन चढलं की ती सावलीला बसतात, मग दिसतो तो एखादा कान किंवा शिंगाचं टोक. वारा पण वेगळा, पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन तापलं की वर चढायला लागते, म्हणजे सात वाजता बरोबर असलेली तुमची जागा दहा वाजता तुमचाच वास हरणाच्या नाकाशी पोचवते. हे वाचून मला माहिती झालंय, जमत एकही नाही. ते शिकायला साधं रीजनच बरं.

आता जमिनीची गंमत. आपण कोकणातली माणसं, फूटभर बांधावरून दोन पिढ्या कोर्टात जाणारी, त्यामुळे मला या देशातली सगळ्यात अचाट गोष्ट वाटते ती ही पब्लिक लँड. नुसत्या बीएलएम नावाच्या केंद्र सरकारच्या खात्याकडे साधारण २४ कोटी ५० लाख एकर आहे, म्हणजे तीन महाराष्ट्र मावतील आणि वर उरेल. नॅशनल फॉरेस्ट वेगळी. वायोमिंगची जवळपास निम्मी जमीन केंद्राची. कोणीही जा, तंबू ठोका, कोणी विचारणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये युटाच्या एका सिनेटरनं यातली काही लाख एकर विकायचा प्रस्ताव आणला होता तेव्हा शिकारी, ट्रेकर, डावे, उजवे सगळे असे काही खवळले की महिना संपायच्या आत त्याला तो मागे घ्यावा लागला.

पण जमीन सगळ्यांची असली तरी हरीण राज्याचं. ही मेख पहिल्या वर्षी मला कळायलाच वेळ लागला. जमीन केंद्राची म्हणून तुमचा हक्क, पण तिच्यावर चरणारं जनावर राज्याच्या अखत्यारीत, आणि राज्य आपल्या माणसाला डिअरचा परवाना ४२ डॉलरला देणार, मला ३७४ ला, वर अर्जाचे १५ आणि स्टँप वेगळा. लोक यावर भांडून झालेत, मोंटानातल्या एल्क या मोठ्या हरणाच्या परवान्यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं आणि १९७८ मध्ये कोर्टानं सांगितलं, बाहेरच्यांकडून जास्त घ्या, चालेल. मला त्यात फारसं वावगं वाटत नाही, बर्फात वर्षभर त्यांनी राहायचं आणि ऑक्टोबरात आम्ही पाहुण्यासारखं यायचं. मला खटकतो तो वायोमिंगचा दुसरा नियम. फेडरल विल्डरनेस, म्हणजे केंद्रानं राखलेलं बिनरस्त्याचं रान, म्हणून जाहीर केलेल्या भागात बाहेरच्या माणसाला हरणाची शिकार करायची तर लायसन्सवाला गाइड नाहीतर तिथला रहिवासी बरोबर पाहिजेच. त्याच विल्डरनेसमध्ये मी एकटा दहा दिवस ट्रेक करू शकतो, मासे पकडू शकतो, पण हरणामागे गेलो की म्हणे मी हरवणार. हा सुरक्षेचा नियम नाही, गाइड लोकांच्या धंद्याची सोय आहे. नकाशावर पहिली फुली त्या भागांवर.

नकाशावर आमचे पंधरा दिवस गेले. नकाशाच्या ॲपमध्ये बीएलएम पिवळं, फॉरेस्ट हिरवं, राज्याची जमीन निळी, खाजगी पांढरी. पूर्व वायोमिंगमध्ये पांढऱ्यात पिवळे तुकडे सांडल्यासारखे पडलेत, आणि खरा प्रश्न तिथे हरीण आहे का हा नाहीच, तिथे पाय कसा ठेवायचा हा आहे. मला एक तुकडा सापडला, तीनेक चौरस मैल, आत दोन खोल घळी, उत्तरेकडच्या उतारावर जुनिपरची झाडं, पाण्याचं तळं, आणि कडेनं काउंटी रोड. रात्री साडेअकराला डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून मी घळीत कुठे बसायचं ते ठरवत होतो, बायको पाणी प्यायला आली, म्हणाली प्लॉट घेतोयस का? दोन रात्री त्यावर घातल्यावर तिसऱ्या रात्री झूम केलं तर रस्ता आणि पिवळ्याच्या मध्ये पांढरी चिंधी, दीडशे यार्डांची. संपलं. त्या दीडशे यार्डांच्या मालकाच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही, म्हणजे माझीच तीन चौरस मैल जमीन मी रस्त्यावर उभं राहून दुर्बिणीतून बघायची.

असलं दुखणं दक्षिण वायोमिंगमध्ये तर फारच. १८६२ च्या कायद्यानं रेल्वे कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूला एक आड एक चौरस मैल दिले, बुद्धिबळाच्या पटासारखे, काळे रेल्वेचे, पांढरे सरकारचे. आता काळे घर दुसऱ्याचं असेल तर एका पांढऱ्यातून तिरकं दुसऱ्या पांढऱ्यात जायचं कसं? २०२१ मध्ये एल्क माउंटनवर मिझुरीच्या चार शिकाऱ्यांनी कोपऱ्यावर चक्क शिडी लावली आणि दुसऱ्याच्या मातीला पाय न लावता पलीकडे उतरले. मालकानं आमच्या हवेतून गेले म्हणून कोर्टात खेचलं, काही मिलियनची भरपाई मागितली. बांधाच्या भांडणात आपण जगात पहिले असं मला वाटायचं, पण हवेचा बांध आपल्यालाही सुचला नव्हता. मार्च २०२५ मध्ये फेडरल अपील कोर्टानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला, त्याच ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं मालकाचं प्रकरण ऐकायला नकार दिला, म्हणजे वायोमिंगमध्ये तरी कोपरा ओलांडता येतो. आमच्याकडे पट नाही, नुसते तुटके तुकडे, आम्हाला शिडीचा उपयोग शून्य.

शेवटी काम झालं फोनवर. तिथल्या वन्यजीव खात्याच्या लोकल ऑफिसात फोन केला, मला वाटलं हाकलून देतील, बायॉलॉजिस्टबाई चाळीस मिनिटं बोलल्या. राज्य काही शेतकऱ्यांना पैसे देऊन त्यांच्या जमिनी शिकारीला खुल्या करतं, तसले दोन वॉक-इन एरिया त्यांनी सांगितले, त्यातला एक आमच्या एका पिवळ्या तुकड्याला चिकटलेला. मग म्हणाल्या, बहुतेक लोक गाडीतूनच हिंडतात, तुम्ही रस्त्यापासून मैलभर चाला, एवढंच करा. मी विचारलं मोठे नर आहेत का? त्या हसल्या. म्हणाल्या, चालणारे आहेत.

तेव्हाच ठरवलं, शिंगांना दोनच फाटे असलेला तरणा नर दिसला तरी चालेल. अंतराची मर्यादा मात्र घालून घेतली, अडीचशे यार्ड, त्यापलीकडे ट्रिगरला बोट नाही. विस्कॉन्सिनच्या झाडीत मी आजवर साठ-सत्तर यार्डांवरच गोळी झाडलीय. रेंजवर बेंचवर रायफल ठेवून दोनशेला मस्त बसतात, पण पाठीवर सॅक, धापा टाकत, जमिनीवर पालथं पडून मारल्या तर पाचातल्या दोन कुठे गेल्या ते गोळ्यांनाच माहिती. दर शनिवारी जातोय.

मिळालं तर पुढचं खरं काम. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे दुपारी चांगलं ऊन असतं, मांस तासाभरात गार व्हायला लागलं पाहिजे, म्हणून कातडी लगेच उतरवायची, पाय-पुठ्ठे सुटे करून जाळीच्या पिशव्यांत सावलीला टांगायचे, नर-मादी ओळखायची खूण मात्र काढून टाकायची नाही, वन्यजीव खात्याच्या वॉर्डनला दाखवावी लागते. मग सगळं पाठीवर घालून गाडीपर्यंत. आणि सीडब्ल्यूडी, हरणांचा मेंदू पोखरणारा प्रायॉनचा (बिघडलेल्या प्रथिनाचा) रोग, पहिल्यांदा १९६७ मध्ये कोलोराडोत दिसला आणि २००२ पासून आमच्या विस्कॉन्सिनमध्येही आहे. त्यामुळे मेंदू-मणका घरी आणायचा नाही, मानेतल्या ग्रंथींचा नमुना तपासायला द्यायचा, रिपोर्ट येईपर्यंत फ्रीझरला हात नाही. नागपूरकर हे ऐकून दोन दिवस गप्प होता.

आईला मागच्या आठवड्यात सांगितलं. व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न, "हरीण? अरे त्या बिचाऱ्यानं तुझं काय केलंय?" डुकराला तिची हरकत नव्हती, कारण आमच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीच्या रक्षणाच्या लायसन्सवर, आणि रानडुक्कर हा नाचणीचा शत्रू. निवडणूक आली की ती पोलीस स्टेशनात जमा करायला आजोबा एसटीनं जायचे, फडक्यात गुंडाळून, पोरगं शाळेत सोडायला जावं तसे. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार संपली आणि ते योग्यच झालं, तिथे जनावरंच उरली नव्हती. इथे उलटं, रायफल-काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि १९३७ च्या कायद्यानं तो वन्यजीवांवर खर्च होतो, माझे ३७४ पण त्या बायॉलॉजिस्टबाईंच्या खात्यातच जातात. आईला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, सीतेला पण हरीणच पाहिजे होतं.

ज्यांना वाटतं की व्हिसावर आहोत म्हणून हे आपलं नाही त्यांच्यासाठी: एच-वनवाल्याला एरवी फेडरल कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही, पण राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करा, वायोमिंगमध्ये १९६६ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागतो, आणि वकिलाला एकदा विचारा, माझ्या पोस्टच्या भरवशावर दुकानात जाऊ नका.

तीन पिवळे तुकडे आणि एक वॉक-इन एवढा आमचा प्लॅन आहे. पहिल्यावर दुसरी गाडी दिसली तर दुसऱ्यावर, भांडायचं नाही. सहा दिवस. नारिंगी जाकिटं घेतली, कूलर दोन घेतले, बायकोला म्हटलं फ्रीझरचा खालचा कप्पा रिकामा करून ठेव. ती म्हणाली तिथे पुरणपोळ्या आहेत, आधी आण, मग बघू.